सॅल्यूट फौजेला, सवाल उमेदवाराला

निवडणुकीच्या पोस्टरवर नावाआधी 'जनरल', 'कर्नल' किंवा 'कॅप्टन' दिसलं की आपली मान आपोआप ताठ होते आणि तोंड आपोआप बंद होतं. मान ताठ व्हायला हरकत नाही. सियाचीनमध्ये उणे तापमानात उभ्या राहिलेल्या माणसाला मान द्यायलाच हवा. पण तोंड का बंद व्हावं? समोरचा माणूस सीमेवर उभा नाही, तो आपल्या दारात उभा आहे. तो मत मागतोय. आणि मत मागणाऱ्याला प्रश्न विचारणं हे मतदाराचं पहिलं काम आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. निवृत्त फौजी अधिकाऱ्याला राजकारणात यायचा पूर्ण हक्क आहे. तो या देशाचा नागरिक आहे. वीस-तीस-चाळीस वर्षं त्यानं आपले काही हक्क संस्थेकडे गहाण ठेवलेले असतात. संविधानाच्या ३३व्या कलमानं संसदेला सैन्यातल्या लोकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार दिला आहे. १९५०चा आर्मी ॲक्ट आणि १९५४चे आर्मी रूल्स यांनी ती मर्यादा घालून दिली. सेवेत असताना फौजीला राजकीय सभेला जाता येत नाही, पक्षाचं सदस्य होता येत नाही, वर्गणी देता येत नाही, स्वतःला उमेदवार म्हणून जाहीर करता येत नाही. ज्या दिवशी तो निवृत्त होतो त्या दिवशी हे सगळे हक्क त्याला परत मिळतात. मिळायलाच हवेत.

माझा वाद त्याच्या हक्काशी नाही. वाद आहे तो त्याच्यासोबत पोस्टरवर येणाऱ्या गणवेशाशी.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे नोकरी सोडताना शेवटच्या दिवशी ओळखपत्र जमा करायचं, लॅपटॉप जमा करायचा, संध्याकाळपर्यंत सगळे ॲक्सेस बंद. अनुभव तुमच्यासोबत जातो, ॲक्सेस संस्थेकडे राहतो. उद्या नव्या ठिकाणी जाऊन कोणी जुन्या कंपनीच्या लोगोखाली धंदा करायला लागला तर त्याला नोटीस येते. सैन्याचा मान हाही असाच ॲक्सेस आहे. तो एका माणसानं कमावलेला नसतो. त्यात साताऱ्याच्या अपशिंग्याच्या आणि कोल्हापूरच्या सैनिक टाकळीच्या घराघरातले जवान आहेत, परत न आलेली माणसं आहेत. हा सगळा साठा एका उमेदवारानं आपल्या खात्यावर वळवून एका पक्षाच्या चिन्हाखाली खर्च करायचा, हे मला मान्य नाही.

कुणी म्हणेल, संविधानाच्या १८व्या कलमानं किताब बंद केले, पण लष्करी आणि शैक्षणिक सन्मानांना त्यातून वगळलं आहे. बरोबर. म्हणून निवृत्तीनंतरही हुद्दा नावापुढं लावता येतो. डॉक्टरेट मिळवलेला माणूस 'डॉ.' लावतो तसंच. पण 'डॉ.' लावलेल्या उमेदवाराला रस्त्याबद्दल विचारलं तर कोणी आपल्याला विद्यापीठाचा शत्रू म्हणत नाही. 'जनरल' लावलेल्या उमेदवाराला विचारलं की मात्र समोरून आवाज येतो: फौजेचा अपमान करता?

एका जनरलचा रस्ता

हवेत बोलण्यापेक्षा एक खरं उदाहरण घेऊ. जनरल व्ही. के. सिंह. ३१ मार्च २०१०ला ते लष्करप्रमुख झाले आणि ३१ मे २०१२ला निवृत्त झाले. पदावर असतानाच त्यांचा सरकारशी जन्मतारखेवरून वाद झाला. १९५० की १९५१, यावर त्यांच्या निवृत्तीची तारीख ठरणार होती. पदावर असलेला लष्करप्रमुख सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला, हे आपल्या देशात पहिल्यांदा घडलं. फेब्रुवारी २०१२मध्ये त्यांना ती याचिका मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी त्यांनी ट्रक खरेदीत आपल्याला १४ कोटींची लाच देऊ केली गेल्याचं जाहीरपणे सांगितलं. देश हादरला. भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाचे ते दिवस होते आणि लोकांना असाच माणूस हवा होता.

निवृत्तीनंतर ते अण्णा हजारेंच्या मंचावर आले. अण्णा स्वतः फौजेतले ड्रायव्हर, त्यामुळे चित्र आणखीच जुळलं. १५ सप्टेंबर २०१३ला हरियाणातल्या रेवाडीत माजी सैनिकांचा मेळावा झाला. नरेंद्र मोदींचं नाव पंतप्रधानपदासाठी जाहीर होऊन दोनच दिवस झाले होते. त्या मंचावर सिंह होते. डिसेंबर २०१३मध्ये अण्णांचं लोकपालसाठी राळेगणसिद्धीला उपोषण सुरू होतं, तिथंही सिंह होते. आम आदमी पक्षाचे गोपाल राय यांनी त्यांच्या भाषणावर आक्षेप घेतला, तेव्हा अण्णांनी राय यांनाच गाव सोडायला सांगितलं. अडीच महिन्यांनी, १ मार्च २०१४ला, जनरलसाहेब भाजपमध्ये दाखल झाले.

निवृत्तीपासून पक्षप्रवेशापर्यंत बरोबर एकवीस महिने. मतदारसंघ मिळाला गाझियाबाद. तो तेव्हाच्या पक्षाध्यक्षांचा, राजनाथ सिंहांचा होता. ते लखनौला गेले आणि जागा मोकळी झाली. निकाल लागला तेव्हा सिंह ५ लाख ६७ हजारांहून जास्त मतांनी जिंकले होते. २०१९ला पुन्हा पाच लाखांहून जास्त फरकानं जिंकले. दहा वर्षं केंद्रात राज्यमंत्री, २०२४ला उमेदवारी नाही, जानेवारी २०२५पासून मिझोरमचे राज्यपाल.

हा सगळा रस्ता कायदेशीर आहे. एकही नियम मोडलेला नाही. माझी अडचण नेमकी तिथंच आहे.

जे चांगलं झालं ते आधी सांगतो. २०१५मध्ये येमेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा 'ऑपरेशन राहत'साठी सिंह स्वतः जिबूतीत तळ ठोकून बसले. चार हजारांहून जास्त भारतीय आणि कित्येक परदेशी नागरिक बाहेर काढले गेले. त्यात हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते. तिथं फौजी अनुभव कामाला आला आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आता दुसरी बाजू. जून २०१४, मंत्री होऊन महिनाही झाला नव्हता. लेफ्टनंट जनरल दलबीर सिंह सुहाग पुढचे लष्करप्रमुख होणार होते. सिंह लष्करप्रमुख असताना त्यांनी सुहाग यांच्या बढतीवर बंदी आणली होती. ती कारवाई बेकायदेशीर आणि पूर्वनियोजित होती, असं खुद्द संरक्षण मंत्रालयानं सर्वोच्च न्यायालयात लिहून दिलं. त्यावर केंद्रातल्या या मंत्र्यानं होऊ घातलेल्या लष्करप्रमुखावरच ट्विटरवरून जाहीर हल्ला चढवला. विचार करा, हेच एखाद्या साध्या खासदारानं केलं असतं तर? 'फौजेचं मनोधैर्य खच्ची केलं' म्हणून संध्याकाळच्या चर्चांत त्याचे धिंडवडे निघाले असते.

ऑगस्ट २०१५. 'वन रँक वन पेन्शन'साठी माजी सैनिक जंतरमंतरवर बसले होते. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, १४ ऑगस्टला, पोलिसांनी त्यांना तिथून हटवायचा प्रयत्न केला. छातीवर पदकं लावलेल्या म्हाताऱ्यांशी झालेली धक्काबुक्की देशानं टीव्हीवर पाहिली. रेवाडीत माजी सैनिकांच्या नावानं भरलेल्या मंचावरचे जनरल तेव्हा सरकारात होते.

ऑक्टोबर २०१५. हरियाणात फरीदाबादजवळच्या सुनपेड गावात एका दलित कुटुंबाचं घर पेटवलं गेलं, दोन चिमुरडी जळून मेली. सरकारच्या जबाबदारीबद्दल विचारल्यावर मंत्र्यांनी कुत्र्याला कोणी दगड मारला तर त्याला सरकार जबाबदार कसं, अशा अर्थाचं उदाहरण दिलं. गदारोळ झाला, खुलासा आला, माफीचे शब्द आले. पण पहिलं वाक्य जिभेवर आलं कसं, हा प्रश्न राहिलाच.

जून २०२२. अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चारांपैकी फार तर एकाला कायम ठेवणार. जी पोरं पहाटे चारला उठून हायवेच्या कडेनं धावतात ती रस्त्यावर उतरली. सिंह तेव्हा नागपुरात बोलले: योजना आवडत नसेल तर येऊ नका, तुम्हाला बोलावलंय कोणी? असा त्यांचा सूर होता. जवानांच्या मानावर निवडून आलेला माणूस जवान होऊ पाहणाऱ्यांना हे ऐकवत होता.

या चारही प्रसंगांत गणवेशानं गाझियाबादच्या मतदाराला काय दिलं? सैनिकाला काय दिलं? मला तरी एकच दिसतं: प्रश्नांपासून संरक्षण. आणि ते एका माणसाला, एका पक्षाला.

आणि जो जनरल काम करतो त्याचं काय होतं?

इथं कोणी म्हणेल, एका माणसावरून सगळ्यांना का झोडपता? म्हणून दुसरं उदाहरण, आणि तेही त्याच पक्षातलं. मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी. सैन्यातून निवृत्त होऊन १९९१ला गढवालमधून लोकसभेत गेले. वाजपेयी सरकारात रस्ते खातं सांभाळलं, सुवर्ण चतुष्कोनाचं काम पुढं रेटलं, उत्तराखंडचे दोनदा मुख्यमंत्री झाले. २०१२मध्ये मुख्यमंत्री असताना कोटद्वारच्या मतदारांनी त्यांना पाडलं, तेही त्यांनी पचवलं.

२०१४नंतर ते संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष होते. मार्च २०१८मध्ये त्यांच्या समितीचा अहवाल आला. उपलष्करप्रमुखांनी समितीला सांगितलं होतं की सैन्याच्या साधनसामग्रीपैकी ६८ टक्के जुनाट आहे आणि अद्ययावत म्हणता येईल अशी फक्त ८ टक्के. समितीनं ते जसंच्या तसं छापलं आणि सरकारला निधीचा जाब विचारला. ही खरी फौजी कामगिरी. बंकरमध्ये बसलेल्या पोराच्या हातात काय बंदूक आहे, हे संसदेत विचारायचं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समितीच्या अध्यक्षपदावर त्यांच्या जागी कलराज मिश्र आले. विरोधकांनी अहवाल आणि हा बदल यांचा संबंध जोडला. तुम्ही तो जोडा किंवा जोडू नका, पण एक नोंद घ्या. त्यांच्या जाण्यानं कुठल्या चौकात 'जनरलचा अपमान झाला' अशी बोंब ठोकली गेली नाही. गणवेशाची आठवण पक्षाला मतं मागताना येते. तोच गणवेश संसदेत प्रश्न विचारायला लागला की ती पुसट होते.

मार्च २०१९मध्ये निवडणूक आयोगाला पुन्हा एकदा सांगावं लागलं की प्रचारात जवानांचे, लष्करी अधिकाऱ्यांचे फोटो वापरू नका. तीच सूचना आयोगानं २०१३मध्येही दिली होती. तरी मार्च संपता संपता गाझियाबादच्याच सभेत, व्ही. के. सिंहांच्या प्रचारात, योगी आदित्यनाथ भारतीय सैन्याला 'मोदीजींची सेना' म्हणाले. आयोगानं समज दिली. सिंहांनी आधी असं बोलणाऱ्यांवर कडक टीका केली आणि मग आपल्या बोलण्याचा विपर्यास झाल्याचं सांगितलं. एप्रिलमध्ये दीडशेहून जास्त माजी सैनिकांच्या नावांनी राष्ट्रपतींना पत्र गेलं: सैन्य कुठल्या पक्षाचं नाही, त्याचा राजकीय वापर थांबवा. काहींनी नंतर आपलं नाव नाकारलं, तरी पत्रातलं म्हणणं खोटं ठरत नाही.

'पण फौजी शिस्तीचा असतो'

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. नेते खातात, फौजी खात नाही. नेते उशिरा येतात, फौजी वेळेवर येतो.

मुंबईच्या कुलाब्यातली 'आदर्श' इमारत आठवा. कारगिलच्या वीरांचं नाव तिच्याशी जोडलं गेलं होतं. २०१०मध्ये प्रकरण बाहेर आलं तेव्हा सदनिकांच्या यादीत नेत्यांचे नातेवाईक होते, सनदी अधिकारी होते आणि दोन माजी लष्करप्रमुख व एक माजी नौदलप्रमुखही होते. त्यांनी सदनिका परत करायची तयारी दाखवली, हेही खरं. मुद्दा इतकाच की गणवेश माणसाला फरिश्ता करत नाही. तो माणूसच राहतो.

आणि शिस्त? फौजेची शिस्त म्हणजे वरून आलेला हुकूम पाळणं. युद्धात ती हवीच, तिथं चर्चा करत बसलं तर माणसं मरतात. पण विधानसभेत आणि संसदेत उलटं चालतं. तिथं हुकूम पाळला तर माणसं मरतात. लोकप्रतिनिधीनं वर बघून 'येस सर' म्हणायचं नसतं, खाली बघून लोकांचं ऐकायचं असतं. आधीच पक्षांतरबंदी कायद्यानं १९८५पासून आपले आमदार-खासदार पक्षादेशाच्या दोरीला बांधलेत. त्यात आज्ञापालनाची सवय लागलेली माणसं भरली तर सभागृहाची परेड होईल. काही फौजी ही सवय मोडतात, खंडुरींच्या समितीनं ती मोडून दाखवली. म्हणूनच हुद्दा बघून भागत नाही, त्या त्या माणसाचं काम बघावं लागतं.

मुंबईनं हे १९७१ला केलं होतं. फील्ड मार्शल करिअप्पा तेव्हा अजून जनरल होते. भारतीय सैन्याचे पहिले भारतीय सरसेनापती, सैन्याला राजकारणापासून दूर ठेवण्याचा आग्रह धरणारे. त्यांनी ईशान्य मुंबईतून लोकसभा लढवली आणि मुंबईनं त्यांना पाडलं. करिअप्पांचा मान त्यानं तसूभरही कमी झाला नाही. १९८६ला देशानं त्यांना फील्ड मार्शल केलं. सॅल्यूट वेगळा, मत वेगळं, हे पन्नास वर्षांपूर्वीच्या मतदाराला कळत होतं.

आपला प्रश्न

मित्रांनो, आता आपल्याबद्दल बोलू. कारण आपल्यासाठी हा गणवेश आणखी एका कारणानं जड आहे.

आपल्या मोहल्ल्यात २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला भाषण सुरू झालं की दोन नावं हमखास येतात. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान, जे ३ जुलै १९४८ला काश्मीरच्या लढाईत शहीद झाले. हवालदार अब्दुल हमीद, ज्यांनी १९६५ला खेमकरणच्या शेतात रणगाडे उडवले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवलं. ही आपली माणसं आहेत, देशाची माणसं आहेत. पण बोलणाऱ्याचा सूर ऐका. तो बहुतेक वेळा अभिमानाचा कमी आणि सफाईचा जास्त असतो. बघा, आम्हीही रक्त दिलंय. बघा, ही आमची सनद.

सनद मागतंय कोण? आणि आपण देतोय का? वफादारी मोजायचं माप गणवेश ठरलं, तर ज्या घरांत गणवेश कमी ती घरं आपोआप उणी ठरतात. सैन्यात आपली संख्या किती, हे सच्चर समितीनं विचारलं होतं तेव्हा किती गदारोळ झाला, हे तुम्हाला आठवत नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा. आकडा मिळाला नाही. म्हणजे मोजायचं नाही, पण मोजमाप मात्र त्यानंच करायचं.

म्हणूनच 'आपल्यातला एखादा निवृत्त कर्नल उभा करू, मग कोण बोलेल आपल्याला?' हा विचार मला धोक्याचा वाटतो. अशा वेळी मेजर जनरल शाहनवाज खान यांचा प्रवास वाचावा. रावळपिंडीकडचा तरुण, ब्रिटिश भारतीय सैन्यातला अधिकारी, पुढं नेताजींच्या आझाद हिंद सेनेत. १९४५च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात प्रेम सहगल आणि गुरबख्शसिंग ढिल्लन यांच्यासोबत त्यांच्यावर खटला चालला. एक हिंदू, एक शीख, एक मुसलमान. बचावाला भुलाभाई देसाई. राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल ते दोषी ठरले आणि देश त्यांच्या मागे उभा राहिला म्हणून जानेवारी १९४६मध्ये सुटले. एका सरकारचा देशद्रोही हा एका देशाचा नायक होता. गणवेश कोणता, यावर नव्हे, तर माणूस कुणाच्या बाजूनं उभा राहिला, यावर ते ठरलं.

सुटल्यावर त्यांनी लगेच मतं मागितली नाहीत. १९४७ला बिहारच्या दंगलग्रस्त गावांत गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी उजाडलेल्या लोकांना परत वसवण्याचं काम केलं. गाव पाकिस्तानात गेलं, ते भारतात राहिले. १९५२ला मेरठ भागातून लोकसभेत गेले, पुढं १९५७, १९६२ आणि १९७१ला पुन्हा निवडून आले. रेल्वे, शेती, कामगार अशा खात्यांत काम केलं.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. १९६५च्या युद्धात, त्यांचा मुलगा पाकिस्तानच्या सैन्यात असल्यावरून, त्यांच्या राजीनाम्याची मागणी झाली. नेताजींचा सेनानी, लाल किल्ल्यातला आरोपी, आणि तरी सनद पुन्हा दाखव म्हणणारे निघालेच. म्हणजे सनदेचा हा रस्ता कुठं संपतच नाही. आणि १९६७ला मेरठनं त्यांना पाडलं. तेव्हा पाडणाऱ्या मतदारांना कोणी देशद्रोही म्हटलं नाही. १९७१ला तेच शाहनवाज खान पुन्हा त्याच मतदारांसमोर गेले आणि जिंकले. मला या सगळ्या प्रवासात सर्वांत सुंदर काही वाटत असेल तर ते १९६७. इतक्या मोठ्या सेनानीला साध्या उमेदवारासारखं तोलता येतं, नाकारता येतं आणि पुन्हा निवडता येतं.

बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ ब्रिटिश फौजेत सुभेदार होते. ज्या महारांनी पिढ्यान्‌पिढ्या शौर्य गाजवलं त्यांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. गणवेश देणाराच गणवेश काढूनही घेऊ शकतो, हे त्या घरानं सोसलं होतं. त्या घरातल्या मुलानं घडवलेल्या संविधानात प्रत्येकाला एकच मत आहे. सुभेदाराला दोन नाहीत, आणि ज्याच्या घरातून कोणी फौजेत गेलं नाही त्याला अर्धं नाही. आपलं नागरिकत्व त्या एका मतावर उभं आहे. ते रक्तानं पुन्हा पुन्हा सिद्ध करायची गरज नाही.

मग करायचं काय?

पहिली मागणी कायद्याची. निवृत्तीनंतर लगेच खासगी कंपनीत जायचं असेल तर वरिष्ठ केंद्रीय अधिकाऱ्याला एक वर्ष सरकारची परवानगी घ्यावी लागते. निवडणूक लढवायला एक दिवसही थांबावं लागत नाही. अमेरिकेत निवृत्त लष्करी अधिकाऱ्याला संरक्षणमंत्री व्हायचं तर निदान सात वर्षं मध्ये जावी लागतात, जनरल दर्जाच्या अधिकाऱ्याला तर दहा. सूट हवी असेल तर त्यांच्या संसदेला तसा वेगळा कायदा करावा लागतो. आपल्याकडे सनदी अधिकाऱ्यांसाठी असा थांबा असावा म्हणून २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. न्यायालयानं सांगितलं, हे काम कायदेमंडळाचं आहे. मग कायदेमंडळाकडे मागू. वरिष्ठ फौजी अधिकारी, सनदी अधिकारी, पोलीस अधिकारी, न्यायाधीश, सगळ्यांसाठी दोन-तीन वर्षांचा थांबा. कुणाचाही हक्क जात नाही, फक्त शेवटच्या पोस्टिंगच्या काळात पुढच्या तिकिटाचा हिशोब मनात घोळू नये.

दुसरी गोष्ट आपल्या हातात आहे आणि तिला कायदा लागत नाही. उद्या तुमच्या वॉर्डात, तालुक्यात, मतदारसंघात कोणी निवृत्त फौजी उभा राहिला, हिंदू असो, मुसलमान असो, तुमचा नातेवाईक असो, तर त्याला उठून मान द्या, चहा द्या, आणि विचारा. गणवेश उतरवल्यापासून आजपर्यंत या भागात तुम्ही काय काम केलंत? शपथपत्रात मालमत्ता किती लिहिलीय, गुन्हे किती? तुमच्या पक्षानं आमच्या शाळेबद्दल, पाण्याबद्दल, आमच्या हक्कांबद्दल चुकीचा निर्णय घेतला तर सभागृहात उभे राहून बोलाल का? तुमच्या पोस्टरवर जवानांचे फोटो का आहेत, आणि ते उद्या उतरवाल का?

चांगला फौजी या प्रश्नांनी दुखावणार नाही. रोज सकाळी रांगेत उभं राहून आपली बंदूक तपासून घ्यायची त्याला सवय असते. जो दुखावेल, त्याला मतदारांकडून मत नको आहे, सॅल्यूट हवा आहे. सॅल्यूट फौजेला आहेच. मतासाठी मात्र उत्तरं द्यावी लागतील.